अपडेट मारू की पार्ट बदलू? अमळनेरच्या एका डिझेल गाडीचं वर्ष

ज्यांच्या बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफचा (काजळीच्या गाळणीचा) किंवा इंजिनाचा दिवा लागतोय, सर्व्हिस सेंटरवाले ‘सॉफ्टवेअर अपडेट मारून देतो, होऊन जाईल’ म्हणताहेत आणि थोड्या दिवसांनी तोच दिवा पुन्हा डोळे वटारतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं प्रकरण जून २०२४ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२५ च्या अखेरीस मिटलं. कंपनीचं आणि शोरूमचं नाव घेत नाही. हे एकाच कंपनीत घडतं असंही नाही.

आधी गाडी कशी वापरली जाते ते सांगतो, कारण पुढे प्रत्येक वेळी दोष तिथेच ढकलला गेला. अमळनेरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. गाडी दीड लिटरची डिझेल, एप्रिल २०२२ मध्ये घेतलेली, रस्त्यावर येईपर्यंत साडेबारा लाख. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी संपेल ते. घर ते दुकान, दुकान ते बाजार समिती, मग एखाद्या शेतकऱ्याच्या शिवारात. बोंडअळी बघायला बोलावणारा माणूस तुम्हाला अर्धा तास तरी बांधावर उभं करतो, आणि उन्हात आपण गाडी बंद करत नाही, एसी चालू ठेवतो. मंगळवारी चोपडा रोडला मंगळग्रह मंदिराची गर्दी असली की पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. जळगाव-धुळ्याला जाणं आठवड्यातून एखादं, हंगामात तेही नाही.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली काजळीची गाळणी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले तेव्हापासून डिझेल गाड्यांत ती आलीच. गाळणी भरत आली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, थोडं जादा डिझेल मारून धुराचं तापमान ५५०-६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रीजनरेशन म्हणतात. त्याला दहा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी चालावी लागते. मध्येच चावी फिरवून गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं, आणि ते जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागतं. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढची गोष्ट सोपी जाईल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानापुढे रांग लागलेली असताना, डीपीएफचा दिवा पहिल्यांदा लागला. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पारोळ्याहून हायवेला लागलो, चौपदरीवर फागण्याच्या दिशेने तिसऱ्या-चौथ्या गिअरवर पळवत नेली. दिवा गेला. आठवड्याने पुन्हा. शिवाय सिग्नलला एसी चालू असताना गाडी उभ्या-उभ्या थरथरायची, ते वेगळंच.

जुलैमध्ये पेरण्या आटोपल्यावर जळगावला सर्व्हिस सेंटरला नेली. सकाळी दहाला गाडी आत गेली, तीन वाजता बाहेर आली. स्कॅनर लावला, उभ्या गाडीवरच सक्तीचं रीजनरेशन केलं आणि ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. वॉरंटीत असल्यामुळे पैसे शून्य. जॉबकार्डवर ‘ईसीयू अपडेट केले, गाडी ओके’ एवढंच. (सक्तीचं रीजनरेशन उघड्यावर कुणी करून देत असेल तर गाडी कुठे उभी आहे ते बघा. सायलेन्सर त्या वेळी भयंकर तापतो. खळ्यात, कडब्याजवळ, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ हा उद्योग चुकूनही नको.)

त्या अपडेटला त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. एसी चालू असताना होणारी थरथर त्या दिवशी गेली ती गेलीच, आजतागायत आलेली नाही. आयडलिंगचे, म्हणजे गाडी उभी असतानाचे, इंजिनाचे फेरे ईसीयूने थोडे वाढवले, इतकंच. थरथर हा इंजिनाच्या ‘निर्णयाचा’ दोष होता: कॉम्प्रेसरचा भार आला की किती डिझेल वाढवायचं हे आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये कमी धरलं होतं. आकडा बदलला, दोष गेला. त्यासाठी कुणी मला इंजिन माउंटिंग बदलायला लावलं असतं तर ते पैसे वाया गेले असते. त्यामुळे ‘अपडेट म्हणजे थापा’ असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही.

दिव्याचं मात्र वेगळं झालं. तो लागायचा बंद झाला आणि मी निर्धास्त झालो. ऑगस्टमध्ये लक्षात आलं की आधी सोळा-सतराचं ॲव्हरेज देणारी गाडी तेराच्या आसपास आलीय. पोळ्याच्या सुमारास डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघितली तर ऑइल कमालच्या खुणेच्या वर, आणि वास सरळ डिझेलचा. दिवा विझलेला, आजार आत चालू. पुढे कंपनीच्या इंजिनिअरने समजावलं तेव्हा उलगडा झाला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये गाळणी थोडी भरली की लगेच रीजनरेशन सुरू होत होतं, दिवा लागण्याची पातळी येऊच देत नव्हतं. लांबच्या वापराच्या गाडीला हे चांगलंच. माझ्या गाडीत मात्र दर वेळी डिझेल जळायचं, अर्धवट राहायचं आणि ऑइलमध्ये उतरायचं.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळी तोंडावर आलेली, आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी जळगावला नेत होतो. एरंडोलच्या पुढे गाडीने दम सोडला. इंजिनाचा दिवा, डीपीएफचा दिवा, दोन्ही लागलेले, आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी चाळिशीच्या वर जाईना. याला लिंप मोड म्हणतात. इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू स्वतःच ताकद आवळतो. आई मागून म्हणत होती, ‘बैलगाडी पुढे गेली रे आपल्या.’ रिक्षा करून आईला दवाखान्यात पाठवलं आणि गाडी तशीच रांगत शोरूमला नेली.

या वेळी मुक्काम पडला. पुन्हा सक्तीचं रीजनरेशन, पुन्हा एक अपडेट, आणि ऑइल व फिल्टर बदलाचे ६,४०० रुपये माझ्या खिशातून, कारण ऑइल ‘झिजणारा माल’ म्हणून वॉरंटीत येत नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर तोंडी म्हणाला, ‘साहेब, तुमची ड्रायव्हिंग स्टाइल शहरी आहे. परत असं झालं तर डीपीएफच बदलावा लागेल, एक लाखाच्या पुढे जाईल, आणि वापराचं कारण निघालं तर वॉरंटीत बसणार नाही.’ अमळनेरच्या माणसाला शहरी म्हणणारा हा पहिलाच. पण मस्करी सोडा, एप्रिलमध्ये वॉरंटी संपणार होती आणि लाखाचा आकडा ऐकून त्या रात्री मला झोप लागली नाही.

इथे एक काम मी नीट केलं, ते सांगतो. जॉबकार्डवर सही करण्याआधी ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात माझे शब्द लिहायला लावले: अपडेटनंतर ॲव्हरेज कमी, ऑइलची पातळी वाढते, लिंप मोड. काउंटरवरचा मुलगा ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होत होता. त्या रकान्यात ‘जनरल चेकअप’ असेल तर सहा महिन्यांनी तुमच्या तक्रारीचा कागदोपत्री मागमूस राहत नाही. ईसीयूच्या सॉफ्टवेअरचा अपडेटआधीचा आणि नंतरचा व्हर्जन नंबरही मागितला. ‘सिस्टिममध्ये असतो, देत नाही’ म्हणाले. मग स्कॅनरच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढू दिला, तेवढ्यावर भागलं.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीचे पाहुणे गेल्यावर, गावातल्या आमच्या आबांच्या गॅरेजला गेलो. आबा पूर्वी फक्त ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा बघायचे. आता मुलाने स्कॅनर आणलाय, पण त्यावरचा निकाल आबाच देतात. स्कॅनिंगचे ५०० रुपये. मुलाने गाडी गरम करून लाइव्ह डेटा लावला आणि आबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ईजीआर व्हॉल्व्ह: ईसीयूने मागितलेली उघड शून्य टक्के, प्रत्यक्षात सात-आठ. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला, पुन्हा तेच. व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. आबा म्हणाले, ‘भाऊ, हाई दुखनं डोकानं नही, पोटनं शे. तू डोकाले किती बाम लावशी?’

पोटाचं दुखणं असं. ईजीआर जळालेल्या धुरातला थोडा भाग परत इंजिनात सोडतो, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पण तो नको तेव्हाही थोडा उघडा राहिला तर इंजिनाला ताजी हवा कमी पडते, काजळी जास्त होते, गाळणी लवकर भरते. मग वारंवार रीजनरेशन, मग डिझेल ऑइलमध्ये. माझा छोट्या पल्ल्याचा वापर या आगीत तेल ओततच होता, ते मी नाकारत नाही. पण आग लावली व्हॉल्व्हने. मग फॉल्ट कोड का आला नाही? कारण मागितलेलं आणि प्रत्यक्ष यातला फरक ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर ईसीयू कोड टाकतच नाही. सर्व्हिस सेंटरचा पोरगा कोड बघत होता, आबा आकडे बघत होते. तुमची गाडी स्कॅनरला लागली की ‘कोड काय आला’ यावर थांबू नका, ‘मागितलं किती, मिळालं किती’ हे ईजीआर, टर्बोचा दाब आणि हवेच्या सेन्सरसाठी बघायला सांगा.

आबांनी व्हॉल्व्ह उतरवून कार्बन साफ करून द्यायची तयारी दाखवली, पण म्हणाले, वॉरंटी चालू आहे तोवर माझा पाना लावू नको. तेवढ्यात एका ओळखीच्याने धुळ्याच्या कुणाचं तरी नाव सुचवलं. तो ईजीआरला पत्रा मारून बंद करतो, डीपीएफ आतून पोकळ करतो आणि सॉफ्टवेअरमधून दोन्ही ‘डिलीट’ करतो, पंधरा-वीस हजारांत. ॲव्हरेज वाढतं हे खरं असेल. पण वॉरंटी तिथेच संपते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरफार करता येत नाही. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि तो काळा धूर आपल्याच पोराच्या शाळेसमोर सोडायचा. मी नाही म्हटलं.

डिसेंबरात कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल लिहिला. मराठीत लिहिला होता, मग भाच्याकडून इंग्रजीत करून घेतला. भावनेचं काही लिहिलं नाही. तारीखवार दोन्ही जॉबकार्ड, डिपस्टिकचा फोटो, ॲव्हरेजची डायरी, आबांच्या स्कॅनरच्या पडद्याचा व्हिडिओ आणि तीन प्रश्न: दोन्ही अपडेटांनी नेमकं काय बदललं, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही त्याचं काय, या व्हॉल्व्हची सुधारित आवृत्ती निघाली आहे का. तिसरा प्रश्न आबांच्या मुलाचा. त्याने पार्टच्या कॅटलॉगमध्ये बघितलं होतं की माझ्या गाडीच्या व्हॉल्व्हचा जुना नंबर आता मिळतच नाही, त्याजागी शेवटचं अक्षर बदललेला नंबर येतो. नंबरच्या शेवटी अक्षर बदललं म्हणजे कंपनीने त्या पार्टात काहीतरी बदल केलाय. हा धागा फार कामाचा निघाला.

उत्तर आलं, ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.’ पुढे शांतता.

त्या शांततेच्या काळात मी बरंच वाचत बसलो. दुकानात डिसेंबर-जानेवारीत दुपारची गर्दी नसते. प्रश्न एकच होता: मोठ्या कंपन्या अशा वेळी काय करतात, आकडे बदलतात की लोखंड? २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण तुम्हाला आठवत असेल. भारतातही त्या डिसेंबरात ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीला बोलावण्याचं जाहीर झालं होतं. तिथे रोगच सॉफ्टवेअरचा होता, प्रदूषण चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं सोवळं पाळणारं सॉफ्टवेअर मुद्दाम घातलेलं. मग औषधही सॉफ्टवेअरचंच पुरायला हवं. युरोपात दोन लिटरच्या इंजिनाला ते पुरलं. पण त्याच मालिकेतल्या १.६ लिटरला अपडेटबरोबर हवेच्या सेन्सरच्या तोंडाशी जाळीची एक छोटी प्लास्टिकची नळीही बसवावी लागली. आत येणारी हवा घुसळलेली असेल तर सेन्सर ती नीट मोजत नाही, आणि माप चुकीचं आलं तर शहाण्यातलं शहाणं सॉफ्टवेअर काय करणार?

ह्युंदाईच्या थीटा-२ या पेट्रोल इंजिनाची अमेरिकेतली कथा याच्या उलट. क्रँकशाफ्ट बनवताना राहिलेल्या धातूच्या कचऱ्याने ऑइलची वाट अडायची, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जायचं. २०१५ मध्ये तिथे सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. नंतर आणखी मॉडेलांना एक सॉफ्टवेअर देण्यात आलं. ते नॉक सेन्सरच्या कानाने बेअरिंग खिळखिळं झाल्याची कंपनं ओळखतं, दिवा लुकलुकवतं आणि गाडीला लिंप मोडमध्ये टाकतं. म्हणजे इंजिन भर रस्त्यात फुटण्याआधी तुम्ही बाजूला होता. बेअरिंग त्याने बरं होत नाही. ते निकामी ठरलं की इंजिन बदलावंच लागतं. हे वाचल्यावर मला माझ्या पहिल्या अपडेटकडे नव्याने बघता आलं. अपडेट तीन जातींचं असतं: दोष काढणारं, दोष झाकणारं आणि दोषाची वर्दी देणारं. माझं थरथरीसाठी पहिल्या जातीचं होतं आणि काजळीसाठी दुसऱ्या. वर्दी देणाऱ्या अपडेटला मी नावं ठेवणार नाही, पण ते ‘दुरुस्ती’ म्हणून जॉबकार्डवर येऊ नये.

जानेवारी २०२५ च्या मध्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन लावला. मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ती तक्रार कंपनीकडे जाते. हे न्यायालय नाही, आदेश वगैरे निघत नाही. पण कंपनीच्या आत तुमचा कागद एका टेबलावरून वरच्या टेबलावर सरकतो. बरोबरीने जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाची चौकशी करून ठेवली. ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी: गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. शुल्क पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकिलांनी नोटिशीचे २,००० रुपये सांगितले होते. ती पाठवायची वेळ आली नाही, मसुदा आजही फायलीत आहे.

रिकॉलचंही बघितलं. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे सक्तीच्या रिकॉलचे नियम आहेत, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू. पण माझ्या चॅसिस नंबरवर कंपनीच्या साइटवर काहीच नव्हतं. रिकॉल सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषासाठी होतो आणि मालकाला कळवला जातो. बाकीच्या दोषांसाठी कंपनी डीलरांना तांत्रिक बुलेटिन पाठवते: अमुक तक्रार घेऊन ग्राहक आला तर अमुक करा. ग्राहक आलाच नाही, किंवा आला आणि जॉबकार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहिलं गेलं, तर बुलेटिन तसंच पडून राहतं. त्यामुळे काउंटरवर ‘रिकॉल आहे का’ विचारू नका, उत्तर ‘नाही’ येईल आणि ते खरं असेल. ‘या तक्रारीवर बुलेटिन आहे का, चॅसिस नंबर टाकून बघा’ असं विचारा.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला: नाशिकहून कंपनीचा इंजिनिअर जळगावला येतोय, गाडी आणा. तरुण मुलगा, तिशीही नसेल. त्याने आबांचा व्हिडिओ दोनदा बघितला, स्वतःचा स्कॅनर लावला, व्हॉल्व्ह उतरवून त्याची दांडी हाताने फिरवून दाखवली. दांडी काजळीने चिकट झालेली, शेवटच्या टोकाला अडत होती. मग लॅपटॉप उघडून म्हणाला, ‘बुलेटिन आहे. नवीन व्हॉल्व्ह लागेल आणि त्याबरोबरचं कॅलिब्रेशन.’ (म्हणजे ईसीयूतले आकडे त्या व्हॉल्व्हला जुळवणं.) मी विचारलं, मग दोन वेळा अपडेटच का मारलं? तो खरं बोलला: अपडेट अर्ध्या तासात होतं, पार्ट मागवायचा तर वॉरंटीची मंजुरी, फोटो, जुना पार्ट परत पाठवणं, हे सगळं आलं, त्यामुळे पायरीने आधी अपडेटच असतं. मला त्याच्यावर रागावण्यासारखं काही वाटलं नाही. कंपनीच्या बाजूने ते शहाणपणाचंच आहे, शंभरातल्या बऱ्याच गाड्या त्या पायरीवर बऱ्या होत असतील. आपण दुसऱ्या पायरीचे आहोत हे दाखवायचे पुरावे मात्र आपल्यालाच गोळा करावे लागतात.

व्हॉल्व्ह यायला महिन्याहून जास्त लागलं. वॉरंटीचा शेवट जवळ येत होता म्हणून मी इंजिनिअरच्या तपासणीचा अहवाल आणि मंजुरीचा क्रमांक ईमेलवर मागून घेतला. तक्रार आणि मंजुरी वॉरंटीत नोंदली गेली असेल तर पार्ट नंतर आला तरी काम वॉरंटीतच होतं, पण ते लेखी असलेलं बरं. तोवर आबांच्या सल्ल्याने दर रविवारी पारोळा ते फागणे फेरी, अर्धा टाकी डिझेल असताना. बऱ्याच गाड्यांत डिझेल राखीव पातळीवर गेलं की रीजनरेशन सुरूच होत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पार्ट आला. मी वर्कशॉपमध्ये उभं राहायची परवानगी मागितली, मिळाली. जुना आणि नवा व्हॉल्व्ह शेजारी ठेवले तर लांबून सारखेच. जवळून बघितलं तर नव्यात दांडीजवळच्या सीलची रचना वेगळी आणि झडप टेकते ती जागा अरुंद, म्हणजे काजळीला ठाण मांडायला जागा कमी. एवढासाच फरक.

पण खरी गंमत पुढे झाली. व्हॉल्व्ह बसवून गाडी सुरू केली तर ती आचके द्यायला लागली, फेरे वर-खाली, दिवाही लागला. माझ्या पोटात गोळा. मेकॅनिक हसला, ‘अजून त्याची ओळख करून दिलेली नाही.’ नव्या व्हॉल्व्हची ‘मिटलेली’ स्थिती जुन्यापेक्षा वेगळ्या आकड्यावर येते. ईसीयूमध्ये त्याचं कॅलिब्रेशन चढवून शून्य शिकवावं लागतं. ते चढवलं आणि गाडी शांत झाली. म्हणजे नुसता पार्ट बदलूनही भागलं नसतं. आमच्याकडे बाहेरून पार्ट आणून रस्त्याकडेच्या गॅरेजात बसवतात आणि मग ‘नवा पार्टही बोगस निघाला’ म्हणतात, त्यातल्या कितीतरी वेळा हे शिकवणंच राहिलेलं असणार. इंजेक्टरचंही तसंच, प्रत्येकावर छापलेला कोड ईसीयूला द्यावा लागतो.

व्हॉल्व्ह आणि मजुरी वॉरंटीत. नसती तर बिलाचा अंदाज तेवीस हजारांचा होता. ऑइल बदल या वेळी ‘सौजन्य’ म्हणून फुकट मिळाला. ऑक्टोबरचे ६,४०० मागितले, ते मिळाले नाहीत. डीपीएफ, जो लाखाला बदलायचा होता, तो सक्तीच्या रीजनरेशननंतर ठणठणीत निघाला. आत राखेचं प्रमाण थोडंसंच. राख ऑइलमधून येते आणि जळत नाही, म्हणून ऑइल कमी राखेच्या ग्रेडचंच घ्या, पुस्तिकेत ग्रेड लिहिलेला असतो. दोन-तीनशे रुपये वाचवायला दुसरं टाकू नका. परत मिळालेल्या जॉबकार्डवर जुना नंबर, नवा नंबर आणि कॅलिब्रेशनचं व्हर्जन, तिन्ही लिहून घेतलं. बदललेल्या पार्टची वॉरंटी वेगळी नसते, मूळ गाडीबरोबरच संपते, असं कळल्यावर वाढीव वॉरंटीही घेतली, १८,५०० ला. त्यात ईजीआर येतो का ते आधी यादीत बोट ठेवून वाचलं. येतो. डीपीएफ नाही.

एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनांच्या सहा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष. तपासणीत जे इंजिन नापास होईल ते दुरुस्त करायचं किंवा बदलायचं, आणि जे पास होईल त्यात ०डब्ल्यू-२० ऐवजी जाडसर ०डब्ल्यू-४० ऑइल टाकायचं, ऑइलचं झाकणही नवं द्यायचं. पास झालेल्या गाडीला ना अपडेट, ना इंजिनाचा नवा पार्ट. ही बातमी मी आबांना वाचून दाखवली. त्यांनी पाना खाली ठेवला. ‘झिजेल इंजिनमा जाडं ऑइल! हाई तं आमी चाळीस वरिसपासून करी ऱ्हायनूत. अमेरिकाले आते समजनं?’

आता गाडी उन्हाळा आणि पावसाळा काढून आलीय. रीजनरेशन पूर्वी शंभर किलोमीटरच्या आत व्हायचं, आता तीनशे-साडेतीनशेला एकदा होतं. कधी सुरू आहे ते मी ओळखतो: आयडलिंगचे फेरे किंचित वर, फॅन जोरात, ॲव्हरेजचा आकडा घसरलेला. तेव्हा गाडी बंद करत नाही, धरणगाव रोडला एक चक्कर मारून येतो. ऑइल खुणेच्या आत आहे. ॲव्हरेज पंधरा-साडेपंधरावर थांबलंय, पूर्वीचं सतरा काही परत आलं नाही आणि ते का, याचं उत्तर आबांकडेही नाही आणि इंजिनिअरकडेही नाही.

गेल्या सर्व्हिसला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, साहेब, एक अपडेट आलंय, मारू का? कशाचं, ते आधी सांग म्हटलं. आत जाऊन विचारून आला. टचस्क्रीनचं होतं. मार म्हटलं.